रात्री नाव घेऊन हाक येते, ती मेंदू कशी घडवतो?

तापीकाठ (चोपडा तालुका)

मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात आहे. घरात कुणाला विचारावं तर घाबरतील, म्हणून इथे टाकतो.

आमचे आप्पा ७१ वर्षांचे. तब्येत खणखणीत, शुगर नाही, दारू नाही, तंबाखू सोडूनही वीस वर्षं झाली. केळीची बाग आहे. आठवड्याला लाईटची पाळी बदलते, आणि रात्रीची पाळी असली की ठिबकचे कॉक फिरवायला जावंच लागतं. मी जातो म्हटलं तरी ऐकत नाहीत, स्वतःच जातात.

गेल्या महिन्यात एकदा मी सोबत होतो. रात्रीचे दोन वाजले असतील. मोटर चालू, केळीच्या पानांची सळसळ. आप्पा अचानक थांबले, विहिरीकडे वळले आणि मोठ्यानं "ओ" दिली. मी विचारलं, कोण आहे? तर शांतपणे म्हणाले, "तुनी आजी व्हती. मना नाव लिसन हाक मारी तिनी."

आजी, म्हणजे आप्पांची आई, जाऊन १९ वर्षं झाली. मी काही बोललो नाही. सकाळी विषय काढला तर हसले. म्हणे, दीड-दोन वर्षांपासून असं होतं. महिन्यातून चार-पाच वेळा, रात्रीच, शेतातच. "मनं डोकं काही फिरेल नही शे, तू कसाले इतला इचार करस?"

आजी त्यांना 'दगू' म्हणायची. घरात सगळे 'आप्पा' म्हणतात, गावात 'पाटील'. दगू म्हणणारं एकही माणूस आज जिवंत नाही. आणि हाक नेमकी 'दगू' अशीच येते.

भूतबाधा, करणी वगैरे मी मानत नाही. पण मेंदूतून येते म्हणावं तर मेंदू आवाज कसा तयार करतो? मला आठवण येते तेव्हा ती आठवण असते, ती विहिरीकडून ऐकू येत नाही. मग आप्पांना दिशेसकट कशी ऐकू येते? जाणकारांनी सांगावं.

---

शेवभाजी

रुमाल टाकून ठेवतो. घरी जाऊन सविस्तर.

(आप्पांनी पहिल्याच हाकेला ओ दिली? आमच्याकडे तीन हाका झाल्याशिवाय ओ देत नाहीत!)

---

केळीचा_खांब

शेवभाजी +१. लहानपणी आजीनं हे इतकं ठसवलं होतं की दहावीत असताना सर वर्गात हजेरी घ्यायचे तेव्हाही मी तिसऱ्या हाकेची वाट बघायचो. गैरहजेरी लागायची.

पण चेष्टा सोडा. मी या तीन हाकांचा विचार केलाय. खरा माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारणारच, भास असेल तर तो सहसा एकदाच होतो. म्हणजे जुन्या लोकांनी भास आणि खरी हाक वेगळी करायची युक्तीच काढली होती म्हणा ना. हाकामारीची, म्हणजे रात्री नाव घेऊन हाक मारणाऱ्या चेटकिणीची, गोष्ट त्यावर मागून चिकटवली असेल.

---

जुना_गार्ड (भुसावळ, निवृत्त)

३४ वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसलोय. रात्री तीन ते पाच या वेळात मला माझ्या नावाची हाक किती वेळा ऐकू आली याचा हिशेब नाही. एकदा बायकोचा आवाज आला, "दूध उतू चाललंय." मी उठून उभा राहिलो. ब्रेकव्हॅनमध्ये कुठलं दूध?

आमच्यात याची कुणाला भीती वाटायची नाही. एकमेकांना सांगून हसायचो. डोळा लागता लागता असं होतं एवढं ठाऊक होतं. तापीकाठभाऊ, आप्पांची झोप किती होते?

---

उगाचच

२१व्या शतकात लोक अजून हाकामारीवर चर्चा करतायत हे बघून करमणूक झाली. मेलेलं माणूस बोलत नाही. आवाज ऐकू येणं म्हणजे स्किझोफ्रेनिया. आप्पांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, गोळ्या सुरू करा, विषय संपला. धाग्याचीही गरज नव्हती.

---

रात्रपाळी (धुळे)

मानसोपचार विभागात काम करते, म्हणून लिहिते. इथे बसून कुणाचं निदान करणार नाही हे आधीच सांगते.

उगाचच, "आवाज ऐकू येणं म्हणजे स्किझोफ्रेनिया" हे तुमचं वाक्य चूक आहे. ताप म्हणजे मलेरिया म्हणण्यासारखं आहे ते. जुन्या गार्डकाकांनी लिहिलं ते झोपेच्या उंबरठ्यावरचे भास. ते निरोगी माणसांनाही होतात. वेल्समधल्या एका डॉक्टरनं १९७१ साली जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून अभ्यास छापला. त्यातल्या जवळपास निम्म्यांना गेलेल्या माणसाचा कुठला ना कुठला भास कधी ना कधी झाला होता आणि १३ टक्क्यांच्या आसपास लोकांना त्याचा आवाज ऐकू आला होता. बहुतेकांनी हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. आपल्याला वेड्यात काढतील ही भीती तिकडेही होतीच.

आता मूळ प्रश्न, मेंदू आवाज कसा घडवतो.

आधी एक प्रयोग करा. स्वतःच्या तळव्याला गुदगुल्या करा. होत नाहीत. तीच बोटं दुसऱ्याची असली की माणूस लोळतो. का? हाताला हुकूम सोडताना मेंदू त्या हुकुमाची एक प्रत स्पर्शाच्या केंद्राकडेही पाठवतो: "आता जे लागेल ते माझंच आहे, दुर्लक्ष कर." बोलण्याचंही तसंच. आपण बोलतो तेव्हा आपल्याच आवाजाला कानाचं केंद्र कमी प्रतिसाद देतं. डोक्याला तारा लावून हे मोजता येतं. आवाज झाल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागात उमटणारी लाट आपण स्वतः बोलताना लहान असते, आणि तेच बोलणं रेकॉर्ड करून ऐकवलं तर मोठी.

आमच्या घरातलं उदाहरण देते. मी रात्री दोनला ड्यूटीवरून येते. निघताना फोन करते, "मी येतेय, दार वाजलं तर घाबरू नका." फोन पोचला की दार वाजल्यावर सासूबाई कूससुद्धा बदलत नाहीत. एकदा फोन लागला नाही. दार मीच वाजवलं, नेहमीसारखंच, आणि घरातून सासरे काठी घेऊन आले.

डोक्यात आपलं स्वतःशी बोलणं दिवसभर चालू असतं. त्या बोलण्याचा 'फोन' कानाच्या केंद्रापर्यंत पोचला नाही, तर आपलंच बोलणं दार वाजवणाऱ्या परक्यासारखं भासतं. ज्यांना आजारात आवाज ऐकू येतात त्यांच्यात ही लाट स्वतः बोलतानाही पुरेशी लहान होत नाही, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. आणि २००० सालच्या एका अभ्यासात असे भास होणाऱ्या रुग्णांना स्वतःच्या हातानं केलेला स्पर्श दुसऱ्यानं केल्याइतकाच गुदगुल्यांचा वाटला.

---

बिबडी

तळव्याला गुदगुल्या करून पाहिल्या. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं विचारलं, काय करतेस? म्हटलं, विज्ञान.

रात्रपाळीताई, मिक्सर चालू असला की मला दर वेळी मोबाईल वाजल्यासारखा वाटतो. बंद केला की काही नाही. आणि धाकटा तान्हा होता तेव्हा नळाच्या पाण्यात तो रडताना ऐकू यायचा. हे पण तेच का?

---

रात्रपाळी

बिबडी, तुमचं थोडं वेगळं आहे आणि मला वाटतं आप्पांच्या जास्त जवळचं आहे. त्यावर नंतर लिहिते, वॉर्डातून बोलावणं आलंय.

---

दादर

माफ करा, पण 'फोन लागला नाही' हे सांगायला छान आहे, त्यातून सगळं सुटत नाही. माझे तीन आक्षेप.

एक, मनातलं बोलणं आपलंच असेल तर आवाज आपलाच यायला हवा. आप्पांना आईचा कसा येतो? दोन, हा परतीचा फोन तर आपल्या प्रत्येक विचाराला लागतो म्हणता. मग नादुरुस्त झाला की सगळेच विचार बाहेरून ऐकू यायला हवेत. महिन्यातून चार-पाच वेळा एकच शब्द का? तीन, मेंदूच्या फोटोत कुठेतरी लाल ठिपका दिसला म्हणून आवाज तिथे 'तयार झाला' असं होत नाही. मी आत्ता कोकिळा ऐकतोय, माझ्याही मेंदूत ठिपका उजळेल. म्हणून कोकिळा मेंदूत आहे का?

---

शेवभाजी

घरी आलो, जेवलो, वाचलं. दादरभाऊंच्या कोकिळेला दंडवत. डिसेंबरात कुठे ऐकली पण?

---

दादर

उदाहरण होतं हो.

---

केळीचा_खांब

दादरला भास होतात असं जाहीर करण्यात येत आहे.

---

रात्रपाळी

हसून हसून पुरेवाट. आता दादरना उत्तर, कारण आक्षेप चांगले आहेत.

तिसऱ्यापासून सुरुवात करते. कोकिळा बाहेर आहे आणि ठिपकाही उजळतो, मान्य. पण बाहेर कोकिळा नसताना तोच ठिपका उजळला तर? १९९९ मध्ये तीन रुग्णांना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि आवाज सुरू झाला की बटण दाबा म्हणून सांगितलं. आवाज येत असताना श्रवणाचं अगदी पहिलं केंद्र चेतलेलं दिसलं, जिथे खऱ्या आवाजाची पहिली वर्दी जाते तिथलंच. म्हणून तर रुग्ण आम्हाला म्हणतात, "मॅडम, मनात नाही, कानात येतं." ते खोटं बोलत नसतात. त्यांच्यासाठी तो कानातच येतो.

उलट बाजूनंही पुरावा आहे. मॉन्ट्रियलला पेनफिल्ड नावाचे सर्जन फिट्सच्या रुग्णांची ऑपरेशनं त्यांना जागं ठेवून करायचे आणि मेंदूवर विजेची बारीक तार टेकवून कुठे काय आहे ते तपासायचे. कानशिलाच्या आतल्या, म्हणजे टेम्पोरल भागावर तार टेकवली की काही जणांना गाणं ऐकू यायचं, काहींना माणसं बोलताना. १९६३ साली त्यांनी हिशेब छापला: अशा ५२० रुग्णांपैकी ४० जणांना असं काही ऐकू आलं वा दिसलं. तार काढली की आवाज बंद. आता सांगा, दादर, कोकिळा कुठे होती?

पहिल्या आक्षेपाबद्दल: स्वतःशी बोलताना आपण नेहमी आपल्याच आवाजात बोलतो का? "असं केलंस तर आई काय म्हणेल" असा विचार करताना आईच बोलते ना डोक्यात? तिच्या ठेक्यासकट.

दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. अभ्यासकांतही त्यावर वाद आहेत. एकाच कारणानं सगळे आवाज होतात असं आता फारसं कुणी म्हणत नाही.

अवांतर, पण गमतीचं: १९४०च्या दशकात गूल्ड नावाच्या डॉक्टरला एका रुग्ण बाईच्या घशातून अगदी हलकी कुजबुज ऐकू आली. त्यानं ती यंत्रानं मोठी करून ऐकली. तिला ऐकू येणारे आवाज जे म्हणायचे तेच ती पुटपुटत होती. पुढे १९८७ साली दोघांनी १८ रुग्णांना आवाज येत असताना तोंड मोठं उघडून धरायला सांगितलं. १४ जणांचे आवाज तेवढ्यापुरते थांबले.

---

उगाचच

म्हणजे शेवटी मी म्हणत होतो तेच. मेंदूचा बिघाड.

---

बिबडी

तोंड उघडून धरल्यावर आवाज बंद होतो? सासूबाईंवर प्रयोग करावा म्हणते.

---

शेवभाजी

तोंड उघडं ठेवायचंच असेल तर त्यात भरीत घाला. सध्या बामणोदची वांगी आलीत. परवा शेतात काड्यांवर भाजून केलं, सोबत कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात.

---

केळीचा_खांब

वांगी आसोद्याची. बामणोदची असतात, पण आसोद्याची ती आसोद्याची.

---

शेवभाजी

हा वाद इथे नको, नाहीतर धाग्याचं भरीत होईल.

---

जुना_गार्ड

आधीच झालंय.

---

गिरणाकाठ (भडगाव)

हसण्यात विरजण घालायचं नाही, पण दोन दिवस लिहू की नको करत होतो.

माझा धाकटा भाऊ. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, पुण्यात. सुट्टीत घरी आला तो गप्पच. आईला वाटलं अभ्यासाचा ताण. मग रात्री एकटाच कुणाला तरी उत्तरं द्यायला लागला. आम्ही विचारलं तर म्हणे, दोन माणसं आहेत, एक म्हणतो तू हुशार आहेस, दुसरा म्हणतो तू नालायक आहेस. दोघं त्याच्याबद्दल आपापसात बोलायचे. तो जेवायला बसला की "बघ, आता जेवायला बसला." पाण्याचा पेला उचलला की "बघ, पाणी पितोय." रात्रंदिवस अशी कॉमेंट्री. मी ऐकून सांगतोय तरी अंगावर काटा येतो, तो तर त्यातच राहत होता.

आम्ही काय केलं? जे सगळे करतात तेच. आधी भगत. लिंबू, कोंबडा, ताईत. त्याला भगतावर राग नव्हता, उलट तो म्हणायचा की हा एकटाच माणूस आहे जो 'आवाज येत नाहीत' असं म्हणत नाही. हे वाक्य मला अजून टोचतं. आम्ही घरचे सतत म्हणायचो, "अरे कुणी नाहीये, तुझ्या मनाचे खेळ आहेत." त्याला ऐकू येत होतं आणि आम्ही त्याला खोटं ठरवत होतो.

सात महिने गेले. मग एका रात्री आवाजांनी त्याला गिरणेच्या पुलावर जायला सांगितलं. शेजारच्या काकांनी पाहिलं म्हणून वाचला.

त्यानंतर दवाखाना. गोळ्यांनी पाच-सहा आठवड्यांत फरक पडला. आवाज एकदम बंद झाले नाहीत. आधी लांब गेले. तो सांगायचा, "पहिले कानाजवळ बोलायचे, आता बाजूच्या गल्लीत बोलतात." मग गल्लीच्या टोकाला. दीड वर्षानं बरा वाटतोय म्हणून आम्हीच गोळ्या बंद केल्या, कुणालाही न विचारता. चार महिन्यांत गल्लीतले पुन्हा घरात आले. आता अकरा वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, भावाचं मेडिकल स्टोअरचं छोटं दुकान आहे, लग्न झालंय.

उगाचच, 'बिघाड' हा शब्द तुम्ही सहज टाकलात. वाचून माझ्या भावाला काय वाटेल एवढाच विचार करा. तोही ही चर्चा वाचतोय.

---

उगाचच

गिरणाकाठ, तो शब्द मागे घेतो. चुकलं. भावाला सांगा.

---

रात्रपाळी

गिरणाकाठ, तुमचं आणि तुमच्या भावाचंही कौतुक. 'आवाज लांब गेला' हे वर्णन रुग्ण अगदी असंच करतात.

भगताकडे नेलं म्हणून स्वतःला फार दोष देऊ नका. अशा आजारावरचं पहिलं खरं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमझिन, पॅरिसमध्ये रुग्णांना १९५२ साली दिलं गेलं. त्याआधी डॉक्टरांकडेही फार काही नव्हतं. या गोळ्या मेंदूतल्या डोपामिनचं काम कमी करतात. डोपामिनचं एक काम म्हणजे 'हे महत्त्वाचं आहे, लक्ष दे' असा शिक्का मारणं. शिक्के वाटेल तिथे पडायला लागले की पंख्याच्या घरघरीलाही अर्थ येतो. गोळीनं शिक्का फिका होतो. म्हणून आवाज बंद होण्याआधी लांब जातो, त्यातला दम जातो. आणि घरच्यांनी मनानं गोळ्या बंद करणं हे आमच्याकडे रोज दिसतं. कृपा करून कुणी करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करता येतात.

'तुझ्या मनाचे खेळ' असं न म्हणता काय म्हणावं? मी नातेवाइकांना सांगते: "मला ऐकू येत नाहीये, पण तुला येतंय हे खरं आहे. काय म्हणतायत ते?" पुढचा रस्ता तिथून सुरू होतो. आणि आवाज जिवाला धोका होईल असं काही करायला सांगत असतील तर एक रात्रही थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

---

कानबाईचा_रोट (अमळनेर)

दोन्ही बाजू पटल्या, पण एक विचारते. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. रात्री गाणी चालू असताना माझ्या मामीच्या अंगात यायचं. तिला देवी काय बोलते ते ऐकू यायचं, ती ते सगळ्यांना सांगायची. सोमवारी विसर्जन झालं की मामी पुन्हा चुलीपाशी, रोटाचे तुकडे वाटताना हिशेब ठेवणारी, कुणाला एक जास्त गेला तर बोलणारी. ६८व्या वर्षी गेली, आयुष्यात कधी वेडगळ वागली नाही. तिलाही गोळ्या द्यायला हव्या होत्या का?

---

रात्रपाळी

अजिबात नाही. मामींना त्रास होता का? नाही. आवाज त्यांच्या ताब्यात होता का? हो, ठरल्या रात्री यायचा, ठरल्या वेळी जायचा. आजूबाजूच्यांना त्याचा अर्थ लागत होता का? लागत होता. मग त्यात आम्हाला काही काम नाही.

येल विद्यापीठात याच्या जवळचा प्रयोग झालाय, २०१७ मध्ये छापून आला. त्यांनी आजार असलेले आणि नसलेले, आवाज ऐकणारे आणि न ऐकणारे असे चार गट घेतले. आजार नसून आवाज ऐकणारे म्हणजे तिकडचे 'आम्हाला पलीकडचे आवाज येतात' म्हणणारे लोक, तिकडच्या मामीच म्हणा. सगळ्यांना एक चित्र आणि एक शिट्टी पुन्हा पुन्हा एकत्र दाखवली-ऐकवली. नंतर गुपचूप शिट्टी बंद केली, फक्त चित्र दाखवलं. सगळ्याच गटांत थोड्या जणांना नसलेली शिट्टी ऐकू आली, पण आवाज ऐकणाऱ्या दोन्ही गटांत, आजारी असोत वा नसोत, खूपच जास्त. फरक इथे पडला: शिट्टी आता नाही हे हळूहळू उमगून अंदाज बदलणं आजारी गटाला जड गेलं.

आपल्याकडचाही एक अभ्यास आहे. तान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसोबत कॅलिफोर्निया, घानामधलं आक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून पाहिलं. अमेरिकेतले आवाज जास्त करून मारझोडीचे, परके. चेन्नईत पुष्कळांना नात्यातल्या माणसांचे आवाज यायचे, आणि ते कामं सांगायचे, रागवायचे. स्वयंपाक कर, अंघोळ कर. आजार तोच, पण तोंड घरातल्या माणसांचं.

---

बिबडी

म्हणजे भारतीय सासू डोक्यातसुद्धा काम सांगते.

---

कानबाईचा_रोट

बिबडी, तुझ्या सासूबाई इथे सदस्य नाहीत ना? खात्री करून घे.

---

दादर

'मेंदू आधी अंदाज करतो आणि मग ऐकतो' हे पटायला लागलंय. फोनपेक्षा हे बरं. अंदाज जबरदस्त असेल आणि कानातून येणारा मजकूर अस्पष्ट असेल तर अंदाजच जिंकणार. पण मग माझा जुना प्रश्न नव्यानं: आप्पांचा अंदाज विहिरीजवळच का, आणि आईच का? तापीकाठ, तुम्ही कुठे गायब झालात?

---

तापीकाठ

इथेच आहे, सगळं वाचतोय. गिरणाकाठदादांचं वाचून रात्री झोप लागली नाही. भाऊंना नमस्कार सांगा.

दादरभाऊ, विहिरीचं मी आप्पांना विचारलं. म्हणे, ते लहान असताना आजी विहिरीवर पाणी शेंदायची आणि तिथूनच हाक मारायची, न्याहारीला. तेव्हा मोट होती. आता विहिरीवर मोटर आहे आणि तिचा आवाज चालू असतो तेव्हाच हाक येते. लाईट गेली, मोटर बंद पडली की त्या रात्री काहीच नाही. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मला सुचलंच नसतं.

---

रात्रपाळी

तापीकाठ, हे फार महत्त्वाचं सांगितलंत! बिबडीचं मिक्सर आणि आप्पांची मोटर एकच.

सरसर, घरघर असा सगळ्या पट्ट्यांचा मिसळलेला आवाज असला की त्यात मेंदूला हवं ते सापडतं. २००१ साली ४४ विद्यार्थ्यांना नुसती खरखर ऐकवली आणि सांगितलं की यात मधूनच नाताळचं एक प्रसिद्ध गाणं हळू आवाजात असू शकेल, ऐकू आलं तर बटण दाबा. गाणं नव्हतंच. जवळपास एक तृतीयांश जणांनी बटण दाबलं. निरोगी, तरुण मुलं.

मोटरची घरघर, केळीच्या पानांची सळसळ, अंधार, दोन वाजता अर्धवट झोपेतला मेंदू, आणि ६०-६५ वर्षांपूर्वी याच दिशेनं रोज आलेली हाक. दिशा अंदाजातच बांधलेली आहे, वेगळी कुठून यायला नको.

आणि नावच का? कारण स्वतःच्या नावासाठी मेंदू कायम कान टवकारून असतो. १९५९ च्या एका प्रयोगात माणसांना एका कानातला मजकूर लक्ष देऊन म्हणायला लावला आणि दुसऱ्या कानात भलतंच काही चालू ठेवलं. दुसऱ्या कानातलं कुणालाच सांगता आलं नाही, पण मध्येच त्यांचं नाव आलं तर साधारण एक तृतीयांश जणांना ते कळलं. लग्नात शंभर माणसांच्या गोंगाटात कुणी आपलं नाव घेतलं की मान वळते ना, तेच.

आता कामाचं. दोन गोष्टी करा. एक, साधी तपासणी. म्हातारपणी नव्यानं भास सुरू झाले तर लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम, नवीन सुरू झालेली औषधं, विसरभोळेपणा, हातांचा कंप हे बघावं लागतं. दोन, कान तपासा. कान कमी ऐकायला लागले की मेंदूला कच्चा माल कमी मिळतो आणि तो स्वतःच्या गोदामातून भर घालतो. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना भजनं, बँड ऐकू येतात, अशी उदाहरणं बरीच आहेत.

---

जुना_गार्ड

माझ्या कानात रात्रंदिवस रातकिड्यांसारखी किरकिर असते. डॉक्टर म्हणाले, इंजिनच्या आवाजानं कान गेले. ब्रेकव्हॅनमधलं दूध कशामुळे उतू जात होतं ते आता कळलं.

---

गिरणाकाठ

भावानं निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहितो: "आप्पांना सांगा, तुमचा आवाज चांगला आहे, नशीबवान आहात. माझ्या दोघांपैकी 'हुशार आहेस' म्हणणारा आधी गेला."

---

कानबाईचा_रोट

_/\_

---

तापीकाठ (सात आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, माफी असावी. अपडेट द्यायचं राहिलं होतं.

आप्पांना जळगावला नेलं. रक्त, लघवी सगळं ठीक. डॉक्टरांनी बराच वेळ गप्पा मारल्या, वार विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं तर आप्पा म्हणाले, "डॉक्टर, केळीच्या घडाचा भाव सांगा, तोंडी हिशेब करतो." केला. डॉक्टर म्हणाले, या बाबतीत मला काळजी नाही, गोळीची गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवा.

कान मात्र गेलेत. उजवा बराच, डावा त्याहून कमी. बारीक, उंच आवाज ऐकूच येत नाहीत. आता कळलं की नातू बोलला की आप्पा नुसते हसायचे का. मशीन बसवलं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर अंगणात उभे राहून म्हणाले, चिमण्या परत आल्यात. आम्ही काय बोलणार, त्या गेल्याच कधी होत्या!

मागच्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. मी पुन्हा सोबत गेलो. मशीन लावलेलं होतं, मोटर चालू, पानं सळसळत होती. दीड तास झाला, काही नाही. आप्पा दोनदा विहिरीकडे बघून आले. परत येताना काही बोलले नाहीत.

दुसऱ्या रात्री निघताना बघतो तर मशीन काढून खिडकीत डबीत ठेवलेलं. म्हटलं, आप्पा, लावा की. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रातले उगाच बॅटरी जास."

---

शेवभाजी

कितीला येते हो बॅटरी?

---

जुना_गार्ड

किती का असेना. राहू दे डबीत.